गोंगाटात शब्दाला जागा

डायलेक या अमेरिकन हिप-हॉप गटाचा ‘ॲबसेन्स’ हा अल्बम हेडफोनवर लावा आणि ‘एव्हर सॉम्बर’ या गाण्यापाशी थांबा. दोन्ही कानांत धुक्यासारखा एक सूर भरून राहतो. तो गिटारचा असावा असं वाटतं, पण खात्री देता येत नाही. खाली जड, सावकाश ठोका चालू असतो. आणि या दोन्हींच्या मधोमध एक माणूस बोलत असतो. त्याचा शब्द गोंगाटाच्या अगदी काठावर उभा असतो, पण बुडत नाही. हे कसं साधतं ते समजून घेतलं की हिप-हॉप आणि शूगेझ यांच्या या मिश्र संगीताकडे बघण्याची दृष्टी बदलते. ‘रॅपवर गिटारचा आरडाओरडा ओतलाय’ ही या संगीताबद्दलची सर्वांत प्रचलित आणि सर्वांत चुकीची समजूत आहे.

आधी दोन शब्दांचा उलगडा. सिनेमातला प्रोड्यूसर पैसे घालतो. हिप-हॉपमधला प्रोड्यूसर बीट बांधतो. म्हणजे ठोका, खालचा बास, वरचे सूर आणि त्यांची मांडणी, हे सगळं त्याचं काम. रॅपर त्यावर शब्द ठेवतो. शूगेझ हा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या बँडनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला गिटारचा बाज. हे वादक स्टेजवर मान खाली घालून पायाशी मांडलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांकडे बघत उभे राहायचे, म्हणून तिथल्या संगीत-पत्रकारांनी ‘बुटांकडे टक लावणारे’ अशी त्यांची टर उडवली. टर विसरली गेली, नाव राहिलं. डब्लिनचा माय ब्लडी व्हॅलेंटाइन, रेडिंगचा स्लोडाइव्ह, ऑक्सफर्डचा राइड ही त्यातली ठळक नावं.

डायलेक हा न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा गट. नावाच्या स्पेलिंगवरून बरेच जण ‘डेलेक’ म्हणतात, पण उच्चार डायलेक असाच आहे: ‘डायलेक्ट’ म्हणजे बोली, त्यातला शेवटचा ‘ट’ गाळलेला. विल ब्रूक्स हा रॅपर आणि ऑक्टोपस या नावाने काम करणारा अलाप मोमीन हा प्रोड्यूसर. दोघांची गाठ पडली न्यू जर्सीच्याच विल्यम पॅटरसन विद्यापीठात. पहिली रेकॉर्ड १९९८ची. मग ‘इपिकॅक’ या कंपनीकडून २००२ साली ‘फ्रॉम फिल्दी टंग ऑफ गॉड्स अँड ग्रिओट्स’, त्यानंतर ‘ॲबसेन्स’, २००७ साली ‘अबँडन्ड लँग्वेज’ आणि २००९ साली ‘गटर टॅक्टिक्स’. स्टिल नावाने ओळखला जाणारा त्यांचा टर्नटेबल-वादक रेकॉर्ड घासून जे सूर काढायचा, ते ऐकताना गिटारचा फीडबॅकच, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारने पुन्हा पकडून निघणारी किंकाळीच, वाटते. या गटात वाद्यांच्या सीमा मुळातच पुसट आहेत.

दोघांचं माहेर एकच

शूगेझ आणि हिप-हॉप हे दोन परके प्रकार कुणीतरी हट्टाने एकत्र बांधले, असं मानलं तर इतिहास कळत नाही. दोघांचं माहेर एकच आहे, आणि ते म्हणजे सॅम्पलर. ध्वनीचा तुकडा साठवून ठेवायचा आणि बोट दाबलं की हव्या त्या सुरात, हव्या त्या वेळी वाजवायचा, असं हे यंत्र.

१९८७ साली ‘पंप अप द व्हॉल्यूम’ हे गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. दुसऱ्यांच्या रेकॉर्डचे तुकडे जोडून केलेलं गाणं. गटाचं नाव मार्स. पाच जणांच्या नावांची आद्याक्षरं जोडून झालेलं. त्यातले दोघे, ॲलेक्स आयुली आणि रूडी तंबाला, हे ए. आर. केन या लंडनच्या बँडचे. आपल्या संगीताला ‘ड्रीमपॉप’ म्हणणारा आणि शूगेझचा पूर्वज मानला जाणारा हाच तो बँड. ए. आर. केन आणि मार्समधला दुसरा बँड कलरबॉक्स, या दोन्ही गटांचं एकमेकांशी फारसं जमलं नाही, त्यांनी पुन्हा एकत्र काम केलं नाही; पण गिटारचं धुकं आणि डीजेचे तुकडे एका रेकॉर्डवर आले ते तिथे.

अटलांटिकच्या पलीकडे त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर बॉम्ब स्क्वॉड ही प्रोड्यूसरांची टोळी पब्लिक एनिमीसाठी बीट बांधत होती. १९८८च्या त्यांच्या अल्बममध्ये एकेका गाण्यात अनेक तुकडे एकमेकांवर रचलेले आहेत. ‘रिबेल विदाउट अ पॉझ’मध्ये सॅक्सोफोनची एक किंकाळी सतत फिरत राहते. ती सूर म्हणून तिथे नाही, भोंग्यासारखी इशारा देण्यासाठी आहे. गोंगाट हा मजकुराचाच भाग असू शकतो, हे हिप-हॉपला इथे उमगलं.

आणि मग १९९१चा ‘लव्हलेस’. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या या अल्बमचं नाव घेतलं की सगळे गिटारबद्दल बोलतात. पण ड्रमर कोल्म ओ कीसोग त्या काळात आजारी होता. त्यामुळे बहुतेक गाण्यांत त्याच्याच वादनाचे तुकडे सॅम्पलरमध्ये घालून ठोके रचले गेले. बासरीसारखे वाटणारे काही सूर म्हणजेही गिटारचा फीडबॅक सॅम्पलरमध्ये साठवून पट्ट्यांवर वाजवलेला आहे. म्हणजे शूगेझचा सर्वांत थोर मानला जाणारा अल्बम काम करण्याच्या रीतीने हिप-हॉपचा सख्खा शेजारी आहे. डायलेकने दोन टोकं ओढून आणली नाहीत. आधीच जुळलेला धागा पुढे नेला, एवढंच.

त्याच वर्षी, डिसेंबर १९९१मध्ये, न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने परवानगीशिवाय सॅम्पल वापरणाऱ्या रॅपरविरुद्ध कडक निकाल दिला. एका गाण्यात डझनभर तुकडे वापरायचे तर प्रत्येकाचे पैसे मोजायचे, हे कुणाला परवडणार? पुढच्या प्रोड्यूसरांपुढे दोन वाटा उरल्या: मोजके तुकडे, किंवा स्वतःच ध्वनी घडवायचा आणि मग तो कापायचा. प्रायोगिक हिप-हॉप पुढे ज्या वळणावर गेलं, त्यामागे हे रोकडं कारणही आहे.

डायलेकचे सोबती पाहिले तरी हाच धागा दिसतो. २००० साली त्यांनी टेक्नो ॲनिमलबरोबर एक रेकॉर्ड केली. टेक्नो ॲनिमल म्हणजे केव्हिन मार्टिन आणि जस्टिन ब्रॉड्रिक ही इंग्रज जोडी. यातल्या ब्रॉड्रिकने काही वर्षांनी जेसू हा बँड काढला. संथ, प्रचंड वजनाचा, पण शूगेझच्या प्रकाशात न्हालेला. २००४ साली जर्मनीच्या फाउस्ट या जुन्याजाणत्या बँडबरोबर अख्खा अल्बम झाला. डिस्ट्रक्टो स्वॉर्मबॉट्स या नावाने गिटारचे लांबच लांब सूर रचणारा माइक मँटेका आधी सोबती होता, पुढे गटाचाच झाला. मोमीन बाहेर पडल्यावर २०१६चा ‘ॲस्फाल्ट फॉर ईडन’ आणि २०२२चा ‘प्रेसिपिस’ यांमधली धुक्याची भिंत बरीचशी त्याच्या हातची. ‘प्रेसिपिस’मध्ये एका गाण्यात टूल या बँडचा ॲडम जोन्सही गिटार वाजवून गेला आहे.

ठोक्याला अणी असते, भिंतीला नसते

आता मुख्य गोष्ट.

कुठल्याही ध्वनीचे दोन भाग असतात: सुरुवातीचा आघात आणि मागून येणारी आस. तबल्यावर ‘ना’ वाजला की बोट चाटेवर आपटल्याचा क्षण म्हणजे आघात, आणि मग घुमत विरणारा सूर म्हणजे आस. आघात फार छोटा असतो. स्नेअर ड्रमचा आघात पहिल्या ५ ते २० मिलिसेकंदांतच आटोपतो. पण ‘हे काय वाजलं आणि केव्हा वाजलं’ हे कान त्यावरूनच ओळखतो. हिप-हॉप आघातांवर उभं आहे: किक, स्नेअर, हाय-हॅट, आणि रॅपरच्या तोंडातली क-च-ट-त-प ही व्यंजनं.

शूगेझचा गिटारवादक नेमका हा आघात पुसून टाकतो. तार छेडल्याचा ‘टण्’ उरतच नाही, उरते फक्त आस. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स यासाठी यामाहाच्या एसपीएक्स-९० या यंत्रातला उलटा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, वापरायचा. मूळ ध्वनी पूर्ण बंद आणि फक्त रिव्हर्बचा ध्वनी चालू. हा रिव्हर्ब विरत जाण्याऐवजी फुगत जातो आणि एकदम थांबतो. शिवाय जॅझमास्टर गिटारची ट्रेमोलो दांडी त्याच हाताच्या मुठीत धरूनच तो तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक छेडीबरोबर सूर किंचित खाली-वर लहरतो. कानाला धरायला टोकच सापडत नाही.

म्हणजे एकाकडे सगळे आघात आणि दुसऱ्याकडे आघातच नाहीत. म्हणून हे दोघे एका खोलीत सुखाने राहतात. रॅपखाली हेवी मेटलची गिटार टाकली की बहुधा बेसूर भांडण होतं, कारण त्या गिटारला स्वतःचे टोकदार आघात असतात आणि ते स्नेअरशी व व्यंजनांशी झोंबतात. शूगेझची भिंत ठोक्याच्या मागे उभी राहते, वाटेत येत नाही. बाकीचं सगळं तपशिलाचं काम आहे, पण हे एक तत्त्व चुकलं तर कितीही महागडी यंत्रं आणली तरी नुसता चिखल होतो.

भिंत बांधताना

गिटार असेल तर पेडलांचा क्रम आधी पाहा. नेहमीची रीत अशी: फझ आधी, रिव्हर्ब नंतर. शूगेझसाठी उलट करा, म्हणजे रिव्हर्ब आधी आणि फझ नंतर. फझ म्हणजे ध्वनीच्या लाटेचे शेंडे छाटून सगळं एका उंचीला आणणारं पेडल. त्याच्याकडे रिव्हर्बची मंद शेपटी गेली की तीही मूळ सुराइतकीच उंच होते, आणि छेडणं व घुमणं यातला फरक मिटतो. रिव्हर्बचा काळ २ ते ३ सेकंद, मिश्रण ५० टक्क्यांच्या आसपास. फझचा गेन, म्हणजे छाटणीचा जोर, मात्र मनात येईल त्याच्या निम्माच ठेवा; भिंत रिव्हर्बमुळे होते, गेनमुळे फक्त खरखर वाढते.

इथे एक घोळ हमखास होतो. सिंगल-कॉइल पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारं गिटारवरचं एका वेटोळ्याचं चुंबक, खोलीतल्या तारांमधली वीज पकडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण येते ती ५०, १००, १५० हर्ट्झवर. नेमकी किक आणि बासची जागा! नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र, लावायचा तो गिटारच्या लगेच नंतर, रिव्हर्बच्या आधी. नंतर लावला तर प्रत्येक सुराची शेपटी कुऱ्हाडीने तोडल्यासारखी तुटते. तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे आधी इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. लॅपटॉपच्या चार्जरमुळेही हीच गुणगुण येते. रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढला की बऱ्याचदा प्रश्न मिटतो.

कोणते स्वर एकत्र वाजवायचे हा प्रश्न फझमध्ये फार नाजूक होतो. दोन सूर एकाच फझमधून गेले की त्यांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा असे नवे सूर तयार होतात. समजा षड्ज २२० हर्ट्झवर आहे. पंचम ३३०. वजाबाकी ११०, म्हणजे बरोबर खालचा षड्ज. म्हणून सा-प ही जोडी फझमध्ये भक्कम आणि सुरेल लागते. आता गंधार घ्या. तानपुरा नीट जुळला की त्यातून आपोआप जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो २७५ हर्ट्झचा. वजाबाकी ५५, आणखी खालचा षड्ज, सुरेलच. पण गिटारचे पडदे समान अंतरांच्या पट्टीत बसवलेले असतात. तिथला गंधार २७७.१८ हर्ट्झ. वजाबाकी ५७.१८. हा ना षड्ज ना कोमल ऋषभ, अर्ध्या सुराच्या अर्ध्याहून अधिक चढलेला, आणि किकच्या घरात घुसलेला. खालून येणारा तो कुरकुरीत बेसूरपणा कशाचा हे मग कळतच नाही. उपाय सोपा: एका फझमधून फक्त सा-प वाजवा. गंधार हवा असेल तर तो वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या फझमधून.

तानपुऱ्याचा उल्लेख निव्वळ उपमेसाठी नाही. ला माँट यंग या अमेरिकन संगीतकाराने तानपुऱ्याच्या अखंड सुरापासून प्रेरणा घेऊन तासन्‌तास चालणारे सूर रचले. त्याच्या गटात व्हायोला वाजवणारा जॉन केल पुढे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमध्ये गेला, आणि त्या बँडच्या गोंगाटातूनच गिटारच्या भिंतीची परंपरा शूगेझपर्यंत आली. यंग स्वतः १९७० साली पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. याच घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि मिरज हे तानपुरे घडवणारं गाव. जवारी लावलेल्या घोडीवर तार अलगद घासत राहते आणि एका सुरातून अनेक सूर फुटतात. फझ हेच काम विजेने, जरा दांडगाईने करतो.

गिटार नसेल तरी अडत नाही. हार्मोनियमचा किंवा माणसाच्या ‘आ’काराचा ३ सेकंदांचा तुकडा घ्या. सॉफ्टवेअरमध्ये तो एक सप्तक खाली आणा, पण वेग आणि सूर एकत्र उतरतील अशा जुन्या पद्धतीने. ३ सेकंदांचे ६ होतात आणि आवाजाचे कण मोठे दिसायला लागतात. त्याची एक प्रत करून ती ३ सेंट सरकवा. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. २२० हर्ट्झच्या सुरात एवढ्या फरकाने दर २.६ सेकंदांनी एक हेलकावा येतो. मिनिटाला ८५ मात्रांच्या लयीत चार मात्रांचं आवर्तन २.८ सेकंदांचं असतं. म्हणजे हेलकावा आवर्तनाच्या किंचित पुढे धावत राहतो, आणि भिंत श्वास घेतेय असं वाटतं. १० सेंटांवर गेलात तर तोच हेलकावा सेकंदाला सव्वा वेळा येतो आणि थरथर कानाला खुपायला लागते.

मग हा तुकडा उलटा करा, त्यावर फक्त रिव्हर्ब ठेवा, मूळ ध्वनी शून्य, काळ ४ सेकंद. ते रेकॉर्ड करून पुन्हा उलटवा. आता सूर लागण्याआधीच त्याची चाहूल येते आणि आघात नाहीसा होतो. इथे बरेच जण दुसरं उलटवणं विसरतात आणि ‘काहीतरी अजब लागतंय’ म्हणून तसंच ठेवतात. त्यात मात्र सगळा ध्वनी मागे-पुढे होतो आणि लय ढिली पडते.

थर किती घालायचे? दोन, फार तर तीन. ‘लव्हलेस’मध्ये गिटारचे शेकडो थर आहेत ही दंतकथा आहे, लोक समजतात त्याहून थर फार कमी आहेत, असं शील्ड्सनेच वारंवार सांगितलं आहे. थर वाढवले की प्रत्येकाची लहर दुसऱ्याच्या लहरीला पुसते आणि शेवटी सपाट सूं-सूं उरते.

ठोका आणि त्याची खरखर

ठोक्यांसाठी लय मिनिटाला ८० ते ९५ मात्रांची. त्याहून जलद गेलं की भिंतीला फुगायला वेळ मिळत नाही.

जुन्या हिप-हॉपच्या ड्रमना जो खरबरीत पोत आहे तो यंत्रांच्या मर्यादेतून आला. १९८७ साली आलेला ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर १२ बिटचा, सेकंदाला सुमारे २६,००० नमुने घेणारा. १३,००० हर्ट्झच्या वरचं त्याला दिसतच नव्हतं. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल, त्यामुळे शांतता आणि कमाल आवाज यातलं अंतर ७२ डेसिबल, सीडीचं ९६. साठवण सगळी मिळून १० सेकंदांची. म्हणून ३३च्या रेकॉर्डी ४५च्या वेगाने वाजवून आत घ्यायच्या आणि यंत्रात पुन्हा खाली उतरवायच्या. १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल मावायचा. उतरवताना जो कचरा मिसळायचा तोच पुढे लोकांना आवडला. आज हे प्लगइनने, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने, होतं: १२ बिट, २६ किलोहर्ट्झ, फक्त ड्रमवर. भिंतीवर हाच परिणाम लावू नका. तिच्या वरच्या सुरांची झिलई जाते आणि ती पुठ्ठ्यासारखी लागते.

ड्रमला डिस्टॉर्शन द्यायचं असेल तर थेट देऊ नका. ट्रॅकची प्रत करा, प्रतीला भरपूर डिस्टॉर्शन द्या, आणि मूळ ट्रॅकखाली २० ते ३० टक्के मिसळा. थेट दिलं तर आघाताचे शेंडे छाटले जातात आणि वर सांगितलेलं तत्त्वच मोडतं.

लूपच्या लांबीत एक छान युक्ती आहे. ठोक्याचा लूप ४ आवर्तनांचा आणि भिंतीचा ७ आवर्तनांचा ठेवा. दोघांची सम एकत्र येते ती २८ आवर्तनांनी. ८५च्या लयीत सुमारे ७९ सेकंदांनी. तोवर ऐकणाऱ्याला काहीतरी बदलतंय एवढंच जाणवतं, काय ते सापडत नाही. भिंतीच्या लूपचे दोन्ही सांधे १०० ते २०० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक टोक विरत असताना दुसरं वाढवत, जोडा, नाहीतर दर फेरीला ‘टिक’ ऐकू येते.

जागा वाटून देणं

मिक्स करताना भिंतीचं १५० हर्ट्झखालचं सगळं काढून टाका. एकटी ऐकली तर ती बारीक, पोरकी वाटेल. एकटी ऐकूच नका. किक ५० ते ६०वर आणि बास ८० ते ११०वर आला की ती पुन्हा भरदार होते. मग २,५०० हर्ट्झच्या आसपास ३ ते ४ डेसिबलचा रुंद खड्डा करा. व्यंजनं तिथे बसतात. डायनॅमिक इक्यू, म्हणजे ठरलेला पट्टा गरजेपुरताच कमी-जास्त करणारं साधन, असेल तर उत्तम: खड्डा फक्त रॅपर बोलत असताना पडतो, तो थांबला की भिंत भरून येते.

साइडचेन कॉम्प्रेसर, म्हणजे एकाचा आवाज आला की दुसऱ्याला दबवणारा. तो रॅपरच्या आवाजावरून भिंतीला लावा. प्रमाण २:१, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज १५०, आणि दाब ३ डेसिबलच्या वर नको. जास्त दाबलं की डिस्कोतल्या गाण्यासारखी भिंत उसळ्या मारते आणि ध्यान लागण्याचा गुण निघून जातो.

रुंदीसाठी भिंत दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच ट्रॅकला प्लगइनने रुंद केलं तर फोनच्या छोट्या स्पीकरवर, जिथे डावं-उजवं एक होतं, तिथे अर्धी भिंत गायब होते. मधली जागा किक, स्नेअर, बास आणि शब्दांसाठी मोकळी. रॅपरच्या आवाजावर रिव्हर्ब नाही, फार तर ८० मिलिसेकंदांचा एक हलका पडसाद. सगळं दूर असताना एकच गोष्ट जवळ असली की ती मोठी न करताही ऐकू येते. डायलेकच्या रेकॉर्डमध्ये आवाज फारसा मोठा नाहीच. तो कोरडा आहे, कानाजवळ आहे.

शेवटच्या लिमिटरला, म्हणजे आवाज ठरलेल्या कमाल पातळीवर अडवणाऱ्या यंत्राला, फार पिळू नका. गाण्यांचे मोठे ॲप आवाजाची पातळी स्वतःच समान करतात. पिळून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं, आणि मधे बळी जातो तो स्नेअरच्या आघाताचा.

कानांची काळजी ही इथे सर्वांत गंभीर गोष्ट. सुरक्षित मर्यादा अशी: ८५ डेसिबल ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ९४ला एक तास, १००ला १५ मिनिटं. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या २००८च्या कार्यक्रमांत प्रेक्षकांना इअरप्लग वाटले जात होते, ते याचसाठी. शिवाय सतत गोंगाट ऐकला की कान वरचे सूर कमी ऐकू लागतो, तुम्ही ते वाढवत जाता, आणि दुसऱ्या दिवशी मिक्स काचेसारखं बोचतं. ४० मिनिटं काम, १० मिनिटं पूर्ण शांतता, आणि आवाज इतकाच की शेजारी बसलेल्याशी सहज बोलता यावं.

ऐकायचं कुठून, आणि मराठीत करायचं तर

ऐकायला सुरुवात ‘एव्हर सॉम्बर’नेच करा. मग ‘ॲबसेन्स’चं पहिलंच गाणं ‘डिस्टॉर्टेड प्रोझ’. तिथे आधी शब्द एकटे येतात आणि भिंत मागून कोसळते, त्यामुळे आघात आणि आस यांचं नातं उघडंवाघडं दिसतं. ‘अबँडन्ड लँग्वेज’मध्ये गोंगाट मुद्दाम उतरवलेला आहे, तंतुवाद्यांसारखे लांब सूर पुढे येतात आणि हे लोक आवाजाच्या जोरावर विसंबून नाहीत हे पटतं. ‘फ्रॉम फिल्दी टंग ऑफ गॉड्स अँड ग्रिओट्स’मधला ‘ब्लॅक स्मोक रायझेस’ हा बारा मिनिटांचा तुकडा शेवटी ठेवा. तो पेलायला कान तयार व्हावा लागतो, आणि झाल्यावर तो विसरता येत नाही.

मराठीत असं गाणं करायचं तर एक अडचण खास आपली आहे. ‘काल’ आणि ‘खाल’, ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतला फरक म्हणजे फक्त हवेचा एक छोटा फुत्कार. हा फुत्कार म्हणजे साधी खरखर, आणि फझची भिंतही वरच्या पट्टीत तशीच खरखर. एकाच जातीचा ध्वनी असल्याने भिंत त्याला सहज गिळते आणि ऐकणाऱ्याला ‘फळ’चं ‘पळ’ ऐकू येतं. तिथे आवाज मोठा करून उपयोग होत नाही. भिंतीचा ४,००० ते ७,००० हर्ट्झचा पट्टा ओळीपुरता २ ते ३ डेसिबल खाली घ्या. डी-एसर, म्हणजे ‘स’चा सुस्कारा दाबणारं साधन, लावताना जपून, कारण तो ‘स’बरोबर ‘ख’, ‘फ’, ‘ठ’ यांचीही हवा काढतो. आणि लिहितानाच, ज्या ओळीत असा शब्द अर्थ पेलून धरतो, ती ओळ भिंतीच्या फुगवट्यावर न ठेवता हेलकावा ओसरतो तिथे ठेवा. मिक्स झाल्यावर ज्याने गाण्याचे शब्द वाचलेले नाहीत अशा कुणाला तरी ते एकदा ऐकवा आणि काय ऐकू आलं ते कागदावर लिहायला सांगा. जिथे ‘खाल’चं ‘काल’ झालं असेल, तिथे भिंत अजून पाऊण डेसिबल मागे.